बंदरावरचे आठ तास

गेल्या नोव्हेंबरात सिडनीहून आत्याचा फोन आला. "डिसेंबरात मुंबईला लग्नाला येतोय. पण बेळगावला यायला जमेल असं दिसत नाही रे. मुलाला रजा कमी आहे." आईने फोन माझ्या हातात दिला आणि ती आत निघून गेली. माझे वडील २०२१ च्या मे महिन्यात गेले तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या सीमा बंद होत्या. आत्याने भावाचे शेवटचे दर्शन मोबाइलच्या पडद्यावर घेतले. नंतर तिच्या दोन्ही गुडघ्यांच्या शस्त्रक्रिया झाल्या आणि येणे लांबतच गेले. आता येणार, तर माहेर चुकवून परत जाणार!

दोन दिवसांनी आतेभावाचा फोन आला. लग्नानंतर सगळ्यांना घेऊन तो मुंबईहून जहाजाने गोव्याची सहल करणार होता. जहाज मुरगाव बंदरात सकाळी नऊला लागणार आणि सायंकाळी पाचला सुटणार. "आईला कवळ्याच्या शांतादुर्गेची ओटी भरायचीय. मामा आजारी असताना बोलली होती ती. तू गाडी घेऊन येशील का?" आईला विचारले. ती म्हणाली, "मी पण येणार."

म्हणजे हाती आठ तास होते आणि त्यात दर्शन, ओटी, आणि पाच वर्षांहून अधिक काळ न झालेली नणंद-भावजयीची भेट बसवायची होती.

आपल्या भागातल्या लोकांना गोवा नवा नाही. चोर्ल्याने किंवा अनमोडने उतरले की झाले, मनात आले की निघालो, अशी आपली रीत. पण गोव्याला घाटावरून उतरणे वेगळे आणि समुद्रावरून चढणे वेगळे. खरे तर मुरगाव बंदर आपल्याकडे तोंड करूनच उभे राहिले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीजांच्या हद्दीतला लोहमार्ग मुरगावहून कॅसलरॉकपर्यंत आला आणि तिथे तो लोंढ्याकडून येणाऱ्या सदर्न मराठा रेल्वेला मिळाला. घाटावरचा माल समुद्राला पोहोचवावा हा त्यामागचा हेतू. वास्कोची गाडी आजही दूधसागरावरून त्याच वाटेने उतरते. त्यामुळे मुरगाव हे आजही मालाचे बंदर आहे. कोळसा, खनिज, क्रेन आणि ट्रक यांच्या शेजारी प्रवासी जहाज येऊन लागते.

आतेभावाला याचे नवल वाटले नाही. दोन वर्षांपूर्वी त्याने आत्याला सिडनीहून टास्मानियाची जहाजसफर घडवली होती. तिथल्या बर्नी बंदरात लाकडाच्या बारीक तुकड्यांचे डोंगर रचलेले असतात. प्रवाशांना बंदरात पायी हिंडू देत नाहीत, बसमध्ये बसवून गावात नेऊन सोडतात. होबार्टला मात्र जहाजाच्या जिन्यावरून उतरले की चालत चालत सालामांका बाजारात जाता येते, तोही शनिवार असेल तर भरलेला. सिडनीत सर्क्युलर की धक्क्यावर उतरले की समोर ऑपेरा हाउस, मागे रेल्वे स्टेशन. "बंदर कुठे आहे हे कळून उपयोग नाही. बंदरातून बाहेर कसं पडायचं ते आधी विचार," हा त्याचा पहिला धडा.

दुसरा धडा आत्याचा. पोर्ट आर्थर या जुन्या कैद्यांच्या वसाहतीपाशी मोठे जहाज काठाला लागत नाही. ते खाडीत नांगर टाकते आणि माणसांना छोट्या बोटींतून काठावर नेतात. त्या दिवशी वारा सुटला, बोटी रद्द झाल्या आणि आत्याने पोर्ट आर्थर कठड्याला टेकून लांबूनच पाहिले. बोटींची ही पद्धत तिला सांगू लागले तेव्हा ती म्हणाली होती, "म्हणजे आपला पडाव की! वेंगुर्ल्याला दुसरं काय होतं?"

तिचे बालपण निपाणीतले आणि आजोळ वेंगुर्ल्याचे. संकेश्वर, आजरा, आंबोली करत सुट्टीला जायचे. मुंबई-गोवा बोट वेंगुर्ल्याला धक्क्याला लागत नसे, बाहेर समुद्रात उभी राही. उतारू, ट्रंका, आंब्याच्या करंड्या सगळे पडावातून जाई. समुद्र खवळला की माणसे काठावर बसून राहत आणि पावसाळ्यात तर वाहतूकच बंद. नंतर रस्ते सुधारले, एसटी आली आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस ती बोट थांबली. २०२१ च्या सप्टेंबरात कॉर्डेलियाचे जहाज मुंबईहून गोव्याला निघू लागले तेव्हा जुन्या माणसांना आठवण झाली ती या बोटीची. लक्षद्वीपला जाणाऱ्यांना अगत्तीच्या बेटावर आजही छोट्या बोटींतूनच उतरावे लागते. गुडघे दुखणाऱ्या माणसाने तिकीट काढण्याआधी एवढे जरूर विचारावे, की जहाज धक्क्याला लागणार की बाहेर उभे राहणार? मुरगावला धक्का आहे, म्हणून आत्याचे जमले.

मग आम्ही वहीत वेळ मांडायला बसलो. जहाज नऊला लागते म्हणजे माणूस नऊला उतरत नाही. कागदपत्रे, रांग, तपासणी यात तास-सव्वा तास जातो. जहाज पाचला सुटणार म्हणजे पाचला पोहोचून चालत नाही. परत चढण्याची शेवटची वेळ साडेचार. म्हणजे आठ तासांचे सहाच उरले. आतेभाऊ म्हणाला, "आता उलटं मोज." साडेचारच्या आधी एक तास राखीव, म्हणजे साडेतीनला वास्को. कवळे ते वास्को पस्तीस-चाळीस किलोमीटर, बोरीचा पूल आणि फोंड्याची गर्दी धरून दीड तास. म्हणजे दोनला कवळे सोडायचे. जाताना वाट मोकळी धरली तरी पोहोचेपर्यंत बारा. हाती राहिले दोन तास.

"मग मंगेशी?" आत्याने फोनवर विचारले. कवळ्याहून मंगेशी आठ-नऊ किलोमीटर, म्हार्दोळची म्हाळसा त्याच्या शेजारी. आपल्याकडून जाणारे सगळेच तिन्ही देव एका दमात करतात. मी म्हणालो, "आत्या, या खेपेला एकच." तिला ते आवडले नाही. आईलाही नाही. "एवढ्या लांबून येणाऱ्याला असं सांगतात होय?" मी गप्प बसलो.

आतेभावाचा मुलगा समुद्रकिनारा मागत होता, त्याच्या बायकोला पणजीतील फोंतेन्याशची जुनी घरे बघायची होती. म्हणून मंडळींचे दोन भाग केले. आतेभाऊ आणि मुलगा जहाजातर्फे जाणाऱ्या सहलीला. या सहलीला उशीर झाला तर सहसा जहाज थांबते. आपल्या गाडीला उशीर झाला तर थांबत नाही, हा फरक ध्यानात ठेवण्यासारखा आहे. त्याची बायको मात्र म्हणाली, "घरं पुढच्या वेळी. मी आईंबरोबर जाते."

आम्ही आदल्या दिवशीच वास्कोत मुक्काम केला. बंदराच्या फाटकातून परवान्याशिवाय गाडी आत जात नाही, म्हणून भेटायची जागा फाटकाबाहेर ठरवली. आत्याच्या पर्समध्ये एका कागदावर जहाजाचे कार्ड, बंदरातल्या एजंटाचा नंबर, माझा नंबर आणि औषधांची यादी. पासपोर्ट जवळच. चुकून जहाज सुटलेच तर पुढचे बंदर स्वखर्चाने गाठावे लागते. आमच्या बाबतीत ते मुंबई होते आणि दाबोळीचा विमानतळ जवळच होता, तेवढाच धीर.

पावणेअकराला आत्या फाटकातून बाहेर आली, काठी टेकत. आई गाडीतून उतरून उभी होती. "वन्सं," एवढेच ती म्हणाली. पुढे दोघी काही बोलल्या नाहीत. आमचा ड्रायव्हर खानापूरचा, त्याने थोडा वेळ जाऊ दिला आणि मग हळूच म्हणाला, "सर, बेग होगोण री."

वेर्ण्याकडे जाताना मी आत्याला सांगितले, की मूळचे देव याच बाजूचे. शांतादुर्गा केळशीची, मंगेश कुठ्ठाळीचा, म्हाळसा वेर्ण्याची. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीज अमलात इथली देवळे पाडली गेली, तेव्हा लोकांनी देव झुआरीपलीकडे नेले. पलीकडे तेव्हा पोर्तुगीजांची सत्ता नव्हती. आत्या खिडकीतून बघत म्हणाली, "म्हणजे देवांनाही माहेर सोडावं लागलंच की."

बारा वाजून दहा मिनिटांनी कवळे. आईने बेळगावहून गुळेदगुड्डचा खण, नारळ, तांदूळ आणले होते. ओटी भरली. आत्या बराच वेळ हात जोडून उभी राहिली. नंतर दोघी सभामंडपात भिंतीला टेकून बसल्या. आईने डबा उघडला. बेळगावचा कुंदा! दुधाचे पदार्थ ऑस्ट्रेलियात नेता येत नाहीत आणि घरचा डबा जहाजावरही चालत नाही, हे आईला मी चार वेळा सांगितले होते. "म्हणून तर इथंच खायचा," ती म्हणाली. मग वडिलांचे शेवटचे पंधरा दिवस आईने पहिल्यांदा सविस्तर सांगितले. आम्हालाही तिने कधी सांगितले नव्हते. मी आणि वहिनी उठून तळ्याकडे गेलो.

दोनला निघालो. बोरीच्या पुलाअलीकडे एक ट्रक बंद पडला होता. "भाळ गद्दल ऐत्री," ड्रायव्हर म्हणाला. चाळीस मिनिटे गाडी जागची हलली नाही. आत्याने घड्याळ पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. मंगेशीचे नाव तिने काढले नाही. फाटकाशी चार वाजून पाच मिनिटांनी पोहोचलो. राखून ठेवलेल्या तासातली पंचवीस मिनिटे उरली होती आणि ती दोघींनी गाडीत बसून बोलण्यातच घालवली.

आता जहाजाने फिरणारे आपल्याकडेही वाढताहेत आणि मुलांकडे ऑस्ट्रेलियाला जाऊन तिथली सफर करणारे आईवडीलही. त्यांच्यासाठी आणखी दोन गोष्टी. उन्हाळ्यात सिडनीची घड्याळे एक तास पुढे केलेली असतात, क्वीन्सलंडची नसतात. तेव्हा त्या बंदरांत उतरताना जहाजाचे घड्याळ कोणत्या वेळेवर आहे ते विचारून घ्यावे आणि मनगटावर तेच ठेवावे. टास्मानियात उतरताना पिशवीत केळे-सफरचंद ठेवू नये, तिथे फळांची तपासणी कडक असते. आणि पणजीकडे जाणाऱ्यांसाठी, झुआरीचा नवा पूल २०२२ व २०२३ च्या डिसेंबरात दोन टप्प्यांत खुला झाल्यापासून कुठ्ठाळीची जुनी कोंडी बरीच सुटली आहे. तरी एक तास राखीव ठेवावाच. तो वाया जात नाही.

परवा आत्याचा सिडनीहून फोन आला. आई तिच्याशी अर्धा तास बोलली. शेवटी फोन माझ्याकडे आला.

"पुढच्या खेपेला मंगेशी," आत्या म्हणाली. "आणि हे बघ, तिकीट काढायच्या आधी जहाज किती वाजता सुटतं ते मला सांग. मी मोजते उलटं."