गुणगुण आणि खरखर

आमच्या पिढीला रेडिओ समोरून कमी आणि पाठीमागून जास्त ठाऊक. समोरची बाजू मोठ्यांची. तिथे काच, काचेवर सिलोन, लाहोर, लंडन अशी नावं, सोनेरी जाळीचं कापड, वर क्रोशाचा रुमाल आणि रुमालावर फोटो. मागची बाजू आमची. भोकाभोकांचा पुठ्ठा, त्याला चार स्क्रू, त्यातला एक कायमचा बेपत्ता. पुठ्ठा काढला की तापलेल्या धुळीचा एक वास यायचा. गिरगावातल्या चाळीत वाढलेल्या कुणालाही तो वास आजही डोळे मिटून ओळखता येईल.

आत व्हॉल्व्ह रांगेनं उभे. ईसीएच ८१, ईएफ ८९, ईबीसी ८१, ईएल ८४ आणि कोपऱ्यात विजेचा दाब सरळ करून देणारा ईझेड ८०. पाढे येत नसत तेव्हाही ही नावं पाठ होती. पहिलं अक्षर ई म्हणजे फिलामेंट ६.३ व्होल्टची, हे ज्ञान आम्ही मुंजीत मिळालेल्या मंत्रापेक्षा जास्त निष्ठेनं जपलं. बटण फिरवलं की लगेच आवाज येत नसे. व्हॉल्व्ह लाल होईपर्यंत सगळं घर थांबे, आणि तेवढ्यात आई 'आला का?' असं दोनदा विचारून घेई.

नवा सेट घेण्याचा विचार कुणाच्या मनात येत नसे. वर्षाला १५ रुपये लायसन्स पोस्टात भरायचं, तेच जड जाई. त्यामुळे सेट तोच, आतलं बदलत जाई. डायलचा दिवा गेला, बदलला, सेट तोच. स्पीकरचा कागद उंदरांनी कुरतडला, खळीनं चिकटवला, सेट तोच. व्हॉल्यूम कंट्रोलची खरखर वाढली, त्यात सीटीसीचे, म्हणजे कार्बन टेट्राक्लोराइडचे, दोन थेंब सोडले, सेट तोच. डायलची दोरी तुटली की मात्र घरात सुतक. स्पिंडलला तीन वेढे, मग मोठ्या चाकावरून, मग स्प्रिंगमध्ये अडकवायची, आणि शेवटच्या वेढ्याला हात सुटला की सगळं परत पहिल्यापासून. आत्याच्या शिवणाच्या डब्यातला रेशमी दोरा यासाठी गुपचूप जात असे. काटा मग उलटाच चालायचा. सिलोन पाहिजे तर डावीकडे न्यायचा, एवढं लक्षात ठेवलं की झालं.

बुधवारी सेट उघडायला बंदी. रात्री आठला बिनाका गीतमाला आणि अमीन सायानींचा आवाज. तेव्हा आत एक स्क्रू जरी सैल असला तरी सगळ्या मजल्याची बोलणी खावी लागत. पुण्याच्या आत्याकडे ही बंदी आणखी कडक. १९५५ साली रामनवमीला पुणे केंद्रावरून गीतरामायण सुरू झालं, तेव्हा सेटसमोर उदबत्ती लावणारी घरं होती. अशा सेटच्या पाठीमागे चड्डीतला पोरगा स्क्रूड्रायव्हर घेऊन दिसला तर काय होईल, याची कल्पना केलेली बरी.

एरवी दुरुस्तीचे विधी ठरलेले. लाकडी पाटावर बसायचं. पायांना फरशी लागू द्यायची नाही. एक हात खिशात, कारण आत अडीचशे व्होल्ट, आणि बटण बंद केलं तरी कंडेन्सर ते धरून बसतो. अण्णा आधी रेझिस्टन्सचं एक टोक चासीला आणि दुसरं कंडेन्सरला लावून तो भार उतरवत, मगच आम्हाला जवळ येऊ देत. डाख लावायला कथील आणि राळ. राळेचा धूर निघाला की काकू स्वयंपाकघरातून ओरडत, 'फोडणी तिकडे आहे की इकडे?'

रेझिस्टन्सवरचे रंग वाचायला 'बी. बी. रॉय ऑफ ग्रेट ब्रिटन हॅड अ व्हेरी गुड वाइफ' हे वाक्य सगळ्या हिंदुस्थानानं पाठ केलं. रॉयच्या बायकोचा इतका गौरव दुसऱ्या कुठल्या शास्त्रानं केला नसेल. पिवळा, जांभळा, पिवळा म्हणजे चार लाख सत्तर हजार ओहम. मीटर लावून पाहिलं तर जुना कार्बनचा रेझिस्टन्स सहा-सात लाख दाखवायचा. वय झालं की त्यांचा आकडा वरच जातो, खाली सहसा येत नाही.

खरा खलनायक मेणातला कागदी कंडेन्सर. तपकिरी नळी, दोन्ही बाजूंना मेण, वर अक्षरं पुसट. मुंबईचा पावसाळा त्याच्यात शिरत असे. सेट अर्धा तास छान गायचा, मग आवाज घोगरा, मग चिरका, आणि ईएल ८४ ला हात लावला तर चटका बसे. कारण साधं होतं. आधीच्या व्हॉल्व्हकडून नुसता आवाज पुढे सोडायचा आणि जास्त दाबाची वीज अडवायची, हे त्या कंडेन्सरचं काम. तो गळू लागला की दहा मायक्रोअँपिअर, म्हणजे नगण्य वीज, चार लाख सत्तर हजार ओहममधून जाते आणि ग्रिडवर पावणेपाच व्होल्ट भलत्या बाजूला उभे राहतात. तिथे सात-एक व्होल्टांचा सगळा हिशेब. व्हॉल्व्ह बिचारा तापेल नाही तर काय करेल! लोक नवा व्हॉल्व्ह आणून बसवत, तोही काही महिन्यांत जाई. कंडेन्सर बदलला की जुनाच व्हॉल्व्ह पुन्हा नीट बोलू लागे.

म्हणून लॅमिंग्टन रोडची वारी. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग असलं तरी कंडक्टरलासुद्धा ते नाव सांगून काही उमगत नसे. तिथे पिवळसर, चपटे पॉलिएस्टर कंडेन्सर मिळू लागले तेव्हा आम्ही घरातले सगळे मेणाचे उपटून काढले. शेजारच्यांचेही काढले. भारत इलेक्ट्रॉनिक्सचे बंगळूरला बनलेले व्हॉल्व्ह निळ्यापांढऱ्या डबीत मिळोत की चोरबाजारात वर्तमानपत्रात गुंडाळून मिळोत, कानाशी हलवून आत काही वाजत नाही ना, एवढं पाहायचं आणि पैसे द्यायचे.

पुढे आमच्या महत्त्वाकांक्षा वाढल्या. रेडिओच्या मागे पिकअपची दोन भोकं असत, त्यात रेकॉर्ड प्लेअर आला. मग माठाच्या तोंडावर जुना स्पीकर उपडा बसवून खर्ज वाढवण्याचा प्रयोग झाला. तो खर्ज खरोखरच वाढला आणि उन्हाळ्यात माठ परत मागण्यात आला. मग बोटीवर नोकरी करणाऱ्या मामानं मॅग्नेटिक पिकअप आणला, आणि तो लावल्यावर रेडिओतून डासाएवढा आवाज आला. सिरॅमिक पिकअप चांगला अर्धा-पाऊण व्होल्ट द्यायचा, हा पठ्ठ्या काही मिलिव्होल्टच देणार. शिवाय रेकॉर्ड कापताना खर्ज दाबलेला आणि तार वर चढवलेला असतो, तो उलटा करून घ्यायचा. म्हणजे आधी प्रीॲम्प्लिफायर हवा.

फोर्टात पदपथावरच्या ढिगातून मुलार्डचं १९५९ चं ॲम्प्लिफायरच्या सर्किटांचं पुस्तक कुणीतरी मिळवलं होतं. ते हातोहात इतकं फिरलं की त्याची पानं सुटी झाली, आणि कुठलं पान कुणाच्या घरी आहे याची यादी करावी लागली. त्यावरून प्रीॲम्प उभा केला. ईसीसी ८३, एका काचेत दोन व्हॉल्व्ह, ॲल्युमिनियमच्या वाकवलेल्या पत्र्यावर. वीज रेडिओतूनच घेतलेली. पहिल्यांदा लावला तेव्हा कुमार गंधर्वांच्या आधी पन्नास सायकलची गुणगुण ऐकू आली, आणि ती कुमारांपेक्षा स्थिर स्वरात होती.

त्या गुणगुणीशी आमच्या घराचं युद्ध कितीतरी वर्षं चाललं. आज लोक जुना व्हॉल्व्हचा प्रीॲम्प घरी आणतात आणि आधी महागडे कंडेन्सर मागवतात, तेव्हा आम्हाला थोडं हसू येतं. कारण गुणगुण पैशानं गेली नाही. फिलामेंटच्या दोन तारांना वेणीसारखा घट्ट पीळ घालून त्या पत्र्याच्या कोपऱ्याशी दाबून नेल्या, तेव्हा निम्मी गेली. चासीला चार ठिकाणी टेकवलेले अर्थ एका जागी आणले, तेव्हा उरलेली बरीच गेली. मग राहिली ती मागून येणारी बारीक खसखस. एनोडवरचे एक लाख ओहमचे कार्बनचे रेझिस्टन्स काढून मेटल फिल्मचे बसवले, तेव्हा ती खरंच कमी झाली. हा एक बदल मात्र छातीठोकपणे सांगावा असा. पेन्सिलीनं व्हॉल्व्हला टिचकी मारायची, स्पीकरमध्ये घंटा वाजली तर तो पहिल्या जागेवरून काढून दुसरीकडे लावायचा, हीसुद्धा फुकटची सुधारणा.

आमच्यातल्या एका थोर संशोधकाला वाटलं, सोळा मायक्रोफॅरडच्या फिल्टर कंडेन्सरनं एवढा फरक पडतो तर दोनशे लावले तर काय होईल. ईझेड ८० ला पहिला कंडेन्सर पन्नासपर्यंतच झेपतो, हे त्याला व्हॉल्व्हमध्ये जांभळी ठिणगी दिसल्यावर कळलं. घरात त्याच्या नावानं 'दोनशे' हा शब्द अजून चालतो. आमटीत मीठ जास्त झालं की काकू म्हणतात, आज दोनशे झालंय.

बाकी कंडेन्सरच्या जातीवरून होणारे वाद मी ऐकलेत, त्यांत भागही घेतलाय. तेलातला गोड, पॉलिप्रॉपिलिनचा स्वच्छ, वगैरे. माझं मत असं, की गळका काढून न गळणारा बसवला की आंधळ्यालाही कळेल इतका फरक पडतो. त्यापुढचा फरक रात्री बारानंतर आणि भाऊ पुण्याहून आलेला असताना जास्त ऐकू येतो. पण बदलण्यात मजा आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. थोरला भाऊ तर जुन्या मेणाच्या नळ्या फेकूच देत नाही. मेण वितळवून आतलं काढतो, त्यात नखाएवढा नवा कंडेन्सर सरकवतो आणि वरून पुन्हा मेण ओततो. का, तर चासी उघडल्यावर तीच दिसली पाहिजे. वहिनींनी यासाठी एक जुनं पळीपंचपात्र कायमचं सोडून दिलं आहे.

आता ईसीसी ८३ रशियातून नाहीतर स्लोव्हाकियातून येतो, किंमत विचारून दोन दिवस झोप लागत नाही. गेल्या दिवाळीत सगळं नव्यानं केलं. फिल्टर, कप्लिंग, एनोडचे रेझिस्टन्स, सॉकेटसुद्धा. रेकॉर्ड लावली तर मागे एकदम शांत. मग रेडिओच्या पट्टीवर आलो, ५५८ वर आकाशवाणीचं अस्मिता केंद्र लावलं आणि काय, गुणगुण! तीही साधी नाही, मधमाश्यांचं पोळं. भावानं पाट मागवला, एक हात खिशात घातला, सगळे डाख पुन्हा तपासले. शेवटी धाकट्या पुतणीनं जेवणघरातला मोबाईलचा चार्जर भिंतीतून उपटला आणि पोळं गप्प झालं. वरच्या मजल्यावरचे एलईडी दिवे चालू होते तोवर थोडं उरलं, पण दोष आपल्या सेटचा नव्हता एवढं सिद्ध झालं, म्हणून भावानं त्या रात्री सगळ्यांना आइस्क्रीम दिलं.