अंगणातली दहा मिनिटे

सायंकाळी सहाच्या सुमारास सूनबाईची स्कूटी फाटकातून आत येते. गेल्या पावसाळ्यात माझ्या ध्यानात आले, की गाडी बंद झाल्यावरही ती उतरत नाही. डोक्यावर हेल्मेट तसेच आणि नजर समोरच्या भिंतीवर. कधी पाच मिनिटे, कधी दहा. मग ती घरात येई, हातपाय धुऊन चहाचे आधण ठेवी.

ती पारशिवनी तालुक्यातील एका प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. मीही याच व्यवसायात चौतीस वर्षे घालवली. कन्हानच्या कोळसा खाणींतील कामगारांची मुले माझ्या वर्गात शिकून मोठी झाली. त्यामुळे तिच्या कामाविषयी आपल्याला सारे ठाऊक आहे, अशी माझी समजूत होती. ती दमलेली दिसली की माझे पालुपद ठरलेले असे: "आमच्या वेळी एका वर्गात साठ मुले असत. आम्ही नाही का निभावले?"

एके दिवशी नातीने गणित विचारले, तेव्हा तिने वही भिरकावली. क्षणभराने तीच मटकन खाली बसली आणि म्हणाली, "बाबा, मला आता मुलांचा आवाजच नकोसा झाला आहे."

त्या रात्री मला झोप लागली नाही. १९९१ साल आठवले. शाळा सुटल्यावर जनगणनेचे कागद घेऊन मी दारोदार हिंडत होतो. त्याच दिवसांत, दार लोटले नाही एवढ्या कारणावरून, एका पोराच्या थोबाडीत मी मारली होती. घरी सौभाग्यवतीशी तर धड बोलतही नव्हतो. सगळे म्हणत, गुरुजींचा स्वभाव चिडका झाला. म्हणजे मी निभावले नव्हतेच. माझ्या वाटचे त्या पोराने आणि माझ्या पत्नीने सोसले होते.

दुसऱ्या दिवशी मी पालुपद बाजूला ठेवले आणि तिला दिवसभराची कामे सांगायला लावली. चार वर्ग आणि शिक्षक दोन. पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन भरायची माहिती, मतदार यादीचे काम आणि रात्री दहा वाजता मोबाइलवर येणारे "उद्या सकाळपर्यंत पाठवा" असे आदेश. शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार शिक्षकांना जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक यांखेरीज अन्य अशैक्षणिक कामे देता येत नाहीत. पण कागदी काम कोणत्या ना कोणत्या नावाने येतच राहते. त्यातच १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय आला: निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक अवधी असलेल्या कार्यरत शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावे. सत्तेचाळिसाव्या वर्षी ती रात्री अकरानंतर पुस्तक उघडून बसू लागली होती.

आम्ही प्रथम घरच्या डॉक्टरांकडे गेलो. सततचा थकवा रक्तक्षयामुळे किंवा थायरॉइडच्या विकारामुळेही येतो, म्हणून त्यांनी तपासण्या करून घेतल्या आणि मग नागपूरच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले. 'बर्नआउट' हा शब्द मी तेथे प्रथम ऐकला. जागतिक आरोग्य संघटना त्याला आजार म्हणत नाही. कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा ताण आटोक्यात न राहिल्याने येणारी ती अवस्था आहे. तिच्या तीन खुणा: शक्ती सरल्याची भावना, कामाविषयी दुरावा किंवा कडवटपणा आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे. मुलांचा आवाज नकोसा होणे ही त्यांपैकी दुसरी खूण होती. तिच्यातला ओलावा आटला, असे मी मनात म्हणत होतो, याची मला लाज वाटली.

शाळेतील कामाचा भार आम्ही घरचे हलका करू शकत नाही. तो शासनानेच करायला हवा. पण घरचा भार आमच्या हाती होता. सायंकाळचा चहा आता मी करतो. नातीचा अभ्यास मी घेतो. रात्री नऊनंतर तिचा मोबाइल बैठकीच्या खोलीत राहतो. ही अट तिने स्वतःच घातली. टीईटीचा अभ्यास पहाटे, चाळीसच मिनिटे. समुपदेशनासाठी ती महिन्यातून दोनदा नागपूरला जाते.

आपल्या घरीही कोणी शिक्षक असेल, तर उपदेश करण्यापूर्वी ऐकून घ्यावे. झोप उडणे, रडू येणे, कशातच मन न लागणे हे दोन आठवडे टिकले, तर डॉक्टरांना भेटावे. जगणे नकोसे झाल्याची भाषा आली, तर मात्र एक दिवसही थांबू नये आणि त्या व्यक्तीला एकटे सोडू नये. टेली मानस या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे, रात्रंदिवस चालू असतो आणि तेथे मराठीत बोलता येते.

सूनबाई अजूनही कधीकधी गाडीवर बसून राहते. मी खुर्ची अंगणात घेऊन बसतो. काही विचारत नाही. परवा ती दोनच मिनिटांत उतरली आणि म्हणाली, "बाबा, आज दुसरीतल्या एका पोराला पहिल्यांदा स्वतःचे नाव लिहिता आले."

चहा होईपर्यंत ती त्या पोराविषयीच बोलत होती.