आत्या, बळ गेलेलं नाही

पुणे, रविवार

ती. आत्यास,


परवा फोनवर तू म्हणालीस, "सगळे रिपोर्ट नॉर्मल आले, आता घरात काय सांगू?" तेव्हापासून मला चैन नाही. फोनवर धड बोलता आलं नाही, म्हणून लिहितेय. सावकाश वाच, मामांनाही वाचायला दे.

तुझ्या दुखण्याला डॉक्टरांनी फायब्रोमायल्जिया म्हटलंय. या नावातला 'माय' म्हणजे स्नायूच, त्यामुळे आधी सगळ्यांनी दोष स्नायूतच शोधला. १९८०च्या दशकात स्वीडनमध्ये रुग्णांच्या खांद्याच्या स्नायूचा तुकडा काढून तपासला. काही तंतू बिघडलेले दिसले, पण तसे ते निरोगी माणसांतही आढळतात. सूज मात्र नव्हती. स्नायू खरंच नासत असते तर तुझ्या रक्तातलं सीपीके नावाचं द्रव्य वाढलं असतं. ते वाढलेलं नाही. या आजारात मज्जासंस्था साध्या ताणालाही वेदना म्हणून वर कळवते, आणि ती वेदना रक्ताच्या तपासणीत दिसत नाही. म्हणून रिपोर्ट नॉर्मल, आणि अंग तरी ठणकतंच.

मग ताकद का कमी झाली? दिवाळीत तू कळशी कमरेवर घेता घेता मध्येच ओट्यावर टेकवलीस. कुणी काही बोललं नाही, मी पाहिलं. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी १९९०च्या सुमारास अशाच बायकांना मांडीचा जोर पूर्ण लावायला सांगितला, आणि त्या जोर लावत असतानाच स्नायूला विजेचा बारीक झटका दिला. अनेकींचा स्नायू त्या झटक्यानं आणखी आवळला. म्हणजे आत जोर शिल्लक होता, त्यांच्या इच्छेनं तो पुरता बाहेर येत नव्हता. त्या अंगचोरपणा करत नव्हत्या. वेदनेनं शरीर स्वतःलाच आवरून धरतं. मग हालचाल घटते, आणि न वापरलेला स्नायू पुढं खरोखरच बारीक होतो.

 तुमच्या कन्हेरीच्या मारुतीपुढं उभी राहिले की मला जांबवंत आठवतो. मारुतीलाही त्याचं बळ जांबवंतानं आठवून द्यावं लागलं होतं.

आणि तू एकटी नाहीस गं. तुमच्या शेजारच्या इंदापूर तालुक्यात, भिगवणला, १९९६ साली पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रांच्या चमूनं घरोघर जाऊन विचारपूस केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॉपकॉर्ड उपक्रमातलं हे काम. चार हजारांवर मोठ्या माणसांपैकी सुमारे १८ टक्क्यांना हाडा-सांध्यांचं, स्नायूंचं काही ना काही दुखणं होतं. त्यातली बरीच दुखणी सांध्यांची नव्हतीच.

मामा म्हणतील, "खुरपणं, धारा, स्वयंपाक, एवढं करते की, अजून व्यायाम कशाला?" याचंच उत्तर मला द्यायचंय. शेतातलं काम तुझ्या अंगाला विचारून थांबत नाही. सरी संपेपर्यंत खुरपावंच लागतं. बरं वाटलं त्या दिवशी तू चार दिवसांचं काम उरकतेस आणि पुढचे दोन दिवस अंथरुणात काढतेस. व्यायाम मोजून देता येतो, औषधासारखा. फिनलंडमध्ये तुझ्यासारख्या बायकांनी २१ आठवडे, आठवड्यातून दोनदा, हळूहळू वाढवत वजनं उचलली. त्यांची ताकद निरोगी बायकांइतकीच वाढली, थकवाही कमी झाला. हे २००१ साली प्रसिद्ध झालंय. २०१७ साली युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांनी सगळे उपचार तपासले, आणि ठाम शिफारस केली ती एकट्या व्यायामाची.

मी रोज पेशंटकडून हेच करून घेते, म्हणून सांगते. डॉक्टरांच्या गोळ्या चालू ठेव. मंगळवार आणि शनिवार असे दोनच वार धर. हात न टेकता खुर्चीवरून पाच वेळा ऊठ-बस. मग पाण्याच्या अर्ध्या भरलेल्या बाटल्या दोन्ही हातांत घेऊन पाच वेळा खांद्यापर्यंत उचल. दुसऱ्या दिवशी थोडं दुखेल, त्याला घाबरू नकोस. दुखणं दोन दिवसांवर गेलं तर पाचाचे तीन कर, पण बंद करू नकोस. दर पंधरा दिवसांनी एक-एक वाढव.

मामा, तुम्हाला एकच विनंती. पहिले तीन महिने कळशी आणि वैरणीचा भारा आत्याला उचलू देऊ नका. मी पुढच्या महिन्यात येतेय, तेव्हा तिच्या मुठीचा जोर यंत्रावर मोजून आकडा तुमच्याच वहीत लिहून ठेवू.

तुझी भाची