उक्षीचा फलाट

उक्षी हे नाव आपल्यापैकी किती जणांनी ऐकले असेल, याची मला शंकाच आहे. संगमेश्वर रोड सोडून गाडी रत्नागिरीकडे निघाली, की वाटेत हे लहानसे स्टेशन लागते. भोवती हिरवेगार डोंगर, पावसाळ्यात त्यांच्या अंगावरून ओघळणारे पाणी, आणि मोजकी माणसे. मेल-एक्स्प्रेसने जाणाऱ्याला पाटीवरची अक्षरे जुळवायलाही सवड मिळत नाही. मी स्वतः वीस-बावीस वर्षे या मार्गाने ये-जा करतो आहे. पण उक्षी गेले म्हणजे आता करबुड्याचा मोठा बोगदा येणार, यापलीकडे त्या नावाला माझ्या लेखी अर्थ नव्हता.

गेल्या श्रावणात आम्ही तिघे रत्नागिरीला निघालो होतो. आई, मी आणि कन्या. रत्नागिरी हे आईचे माहेर. तिचे वय 76, आणि माहेरी जायचे म्हटले की त्यातली साठ वर्षे ती मुंबईतच ठेवून निघते. कन्येचे वय 15. या वयाची मुलगी घरात असलेल्या वाचकांना अधिक सांगायला नको. इतरांसाठी एवढेच सांगतो, की आमच्या प्रश्नांना मिळणारी उत्तरे अलीकडे एकाक्षरी झाली होती. मी मराठीचा प्राध्यापक. अल्पाक्षरत्व हा गुण आहे असे वर्गात शिकवतो. घरात तो सोसवत नाही.

मात्र ती एक वही लिहिते. आजोबांच्या कपाटात सापडलेली जुनी खतावणी तिने ताब्यात घेतली आहे. मधोमध तांबडी रेघ. डावीकडे 'जमा', उजवीकडे 'नावे'. 'नावे'खाली रोजच्या फजित्या. वर्गात बाईंना चुकून 'आई' म्हटले. एका पायात निळा मोजा आणि एका पायात काळा घालून शाळेत गेले. 'जमा'खाली अवचित पदरी पडलेल्या गोष्टी. त्यातली एक तिने मला वाचून दाखवली होती : बसमध्ये डोळा लागून ती शेजारच्या अनोळखी आजींच्या खांद्यावर झोपली, आणि हिची झोप मोडेल म्हणून त्या बिचाऱ्या आपला थांबा सोडून दोन थांबे पुढे गेल्या! अशा नोंदी तिथे फार नाहीत. 'नावे'ची बाजू बरीच भरली आहे. पण हिशेब चोख.

कोकण रेल्वेचे कौतुक मला अजून ओसरलेले नाही. लहानपणी मी हा प्रवास एस.टी.ने, कशेडीच्या घाटात लिंबू हुंगत केलेला आहे. 26 जानेवारी 1998 रोजी रोह्यापासून थेट कर्नाटकापर्यंतचा मार्ग खुला झाला आणि आमच्या पिढीची लिंबे वाचली. तरी बहुतेक भागात हा मार्ग अजून एकेरी आहे. समोरून गाडी येत असली म्हणजे एकीने स्टेशनात बाजूला उभे राहायचे आणि दुसरीला वाट द्यायची, हा इथला शिष्टाचार. त्यातून पावसाळ्यात दरडींच्या भयाने गाड्यांचा वेग मुद्दाम कमी ठेवतात. आमची गाडी मुळातच सावकाश जाणारी. ती उक्षीला बाजूच्या रुळावर जाऊन उभी राहिली.

आईला तहान लागली होती. "अरे, बाटली संपली," असे तिने मला दोनदा सांगितले. मी दोन्ही वेळा "जातो हं" म्हटले आणि वर्तमानपत्राचे पान उलटले. तिसऱ्यांदा सांगायची वेळ आली नाही. कारण बाकावरून कन्या उठून गेली होती. फोन तिने खिडकीपाशी तसाच ठेवला होता.

समोरची एक्स्प्रेस धडधडत निघून गेली. भोंगा झाला. मी दाराशी आलो, तो कन्या फलाटाच्या पार टोकाला. पुढे जे झाले ते एका मिनिटाच्या आतले आहे; पण मला ते तुकड्यातुकड्यांनी आठवते. गाडी हलली. ती धावू लागली. मी एका हाताने दांडी धरली, दुसरा बाहेर काढला आणि ओरडलो, "चढ! अगं, चढ!"

ती माझ्यापासून चार हातांवर आली होती. गाडीचा वेगही फारसा नव्हता. तिने माझ्या हाताकडे पाहिले, मग खाली पाहिले, आणि ती थांबली. बाटली छातीशी धरून नुसती उभी राहिली. मी उडी टाकायच्या बेतात होतो, पण मागून एका गृहस्थांनी माझा दंड घट्ट पकडला.

साखळी का ओढली नाही, असे आपण विचाराल. पुढे सर्वांनीच विचारले. मला साखळी आठवली तेव्हा गाडी बोगद्यात शिरली होती.

करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटर लांबीचा आहे. 2013 साली पीर पंजाळचा बोगदा सुरू होईपर्यंत देशातल्या रेल्वेचा हाच सर्वांत लांब बोगदा होता. ही माहिती मी आजवर कितीतरी सहप्रवाशांना अभिमानाने दिली आहे. त्या दिवशी मला कळले की साडेसहा किलोमीटर म्हणजे सात-आठ मिनिटांचा काळोख, आणि त्यात फोनला रेंज नाही. तिचा फोन तर माझ्याच खिशात होता. आई एवढेच म्हणाली, "तू पुढल्या स्टेशनला उतर. मी सामान घेऊन जाते. दादा येईल रत्नागिरीला." आणि मग, थोड्या वेळाने : "पोर हुशार आहे."

मला मात्र काळोखात माझाच आवाज ऐकू येत होता. ती चार वर्षांची असल्यापासून मी तिला एक गोष्ट बजावत आलो आहे : गाडी हलली की चढायचे नाही, गाडी गेली तर दुसरी येते. दर प्रवासाला, दर फलाटावर. आणि नेमक्या त्या वेळी मी काय ओरडलो? आज्ञार्थी, द्वितीयपुरुषी, एकवचनी : 'चढ'. तिने माझे ऐकले असते तर? पाय निसटला असता तर? फलाट आणि पायरी यांच्यामधली ती फट मला दिसत राहिली.

बोगद्यापलीकडे भोके स्टेशन. सुदैवाने गाडी तिथे थांबली. स्टेशन मास्तरांपाशी धापा टाकीत पोहोचलो, तर ते शांतपणे म्हणाले, "उक्षीचा फोन येऊन गेला. मुलगी ऑफिसात बसली आहे. तुम्हीच घाबरून जाल, तेव्हा तुम्हाला बसवून ठेवा, असा तिचा निरोप आहे."

बसवून घेण्याइतका धीर माझ्यात नव्हता. गावातून रिक्षा मिळवली आणि डोंगराला वळसा घालून, खड्डे मोजीत, तासाभराने उक्षीला पोहोचलो. कन्या एका लाकडी खुर्चीवर बसून तवसे खात होती. शेजारी एक बाजारकरीण टोपली घेऊन बसली होती. "पोरीक वरडू नका हां," तिने मला आधीच बजावले. मी ओरडणार कसला? नळावर जाऊन तोंडावर पाणी मारून आलो.

त्या रात्री रत्नागिरीत जेवणे झाल्यावर कन्येने ती खतावणी उघडीच माझ्या पुढ्यात ठेवली आणि ती आजीजवळ झोपायला गेली. नोंद अशी होती :

'आज गाडी चुकली. नळाला पाणी बारीक होते, बाटली भरेना. बाबा दारातून चढ म्हणाले. मला कळेना कुणाचे ऐकायचे, आत्ताच्या बाबांचे की नेहमीच्या बाबांचे. आत्ताचे बाबा खूप घाबरलेले दिसत होते, म्हणून नेहमीच्या बाबांचे ऐकले. शेवटच्या डब्यावरची पिवळी फुली बोगद्यात गेली तोपर्यंत मला भीती वाटली नाही. मग खूप वाटली. पण फलाट मागे राहिल्यावर फार छान दिसतो. धबधब्याचा आवाज गाडी गेल्यावरच ऐकू आला. मावशींनी तवसे दिले, पैसे घेतले नाहीत. बाबा आले तेव्हा रडलेले होते. ते म्हणतात, तोंडावर पाणी मारले. नळाला तेवढे पाणीच नव्हते.'

ही नोंद 'जमा'खालीही नव्हती आणि 'नावे'खालीही नव्हती. तांबड्या रेघेवरूनच अक्षरे या कडेपासून त्या कडेपर्यंत गेली होती. मी ती दोनदा वाचली. 'आत्ताच्या बाबांविषयी' काही बोलावे म्हणून दुसऱ्या दिवशी भाट्याच्या किनाऱ्यावर तिला फिरायला नेले. बराच वेळ शब्द जुळवून मी म्हणालो, "काल मी तुला चुकीचे सांगितले." ती म्हणाली, "हो." तिचे उत्तर एकाक्षरीच होते, पण तिने माझा हात धरला होता, आणि वाळू संपेपर्यंत सोडला नाही.

चार दिवसांनी परतीची गाडी. करबुड्याचा काळोख संपला, आणि काय सांगावे, उक्षीला गाडी पुन्हा बाजूला उभी राहिली! आईने पिशवीतून बाटली काढली. ती अर्धी भरलेली होती. तिने ती खिडकीतून शांतपणे ओतून दिली आणि माझ्या हातात ठेवली.

"आता तू जा," ती म्हणाली.

मी उतरलो. नळाला अजूनही पाणी बारीकच होते. मागे वळून पाहिले, तो कन्या दारात उभी. एका हाताने दांडी धरलेली, दुसऱ्या हाताचे बोट माझ्यावर रोखलेले.

"बाबा, गाडी हलली तर चढायचं नाही हं!"