पोच न मिळालेली नोंद

परतूर तालुक्यातील आष्टीच्या सेवा केंद्रांवरून खरिपाच्या ऐन हंगामात येणाऱ्या तक्रारींचा मजकूर बहुधा एकच असतो: अर्ज भरला, बटण दाबले, चक्र फिरत राहिले आणि पावती मिळण्यापूर्वीच संपर्क तुटला. अशा वेळी सारा दोष गावच्या रेंजवर टाकून प्रकरण दप्तरी दाखल करण्याची आम्हा सर्व्हर सांभाळणाऱ्या मंडळींची जी प्रवृत्ती असते, ती मला अन्यायाची वाटते. कारण संपर्क कोठेही तुटो, तो तुटल्यानंतर काय घडावे हे ठरविणे सर्वस्वी आमच्याच अखत्यारीतील आहे.

तपास लॉगपासून सुरू होतो. एन्जिनएक्सच्या लॉगमध्ये ४९९ हा आकडा आढळला, तर उत्तर मिळण्याआधीच समोरच्याने संपर्क सोडला, एवढे निश्चित होते. पण रेंजच गेली असेल, तर निरोप घ्यायलाही पलीकडे कोणी उरत नाही. सर्व्हर उत्तर रवाना करतो आणि ते कोणालाही पोहोचलेले नसताना २०० असा यशाचा आकडा लिहून मोकळा होतो. पीएचपीच्या स्क्रिप्टलाही माणूस निघून गेल्याचे कळते ते ती काही मजकूर पाठवू लागल्यावरच, आणि तोवर डेटाबेसातील नोंद कायम झालेली असते.

केंद्रचालक पुन्हा बटण दाबतो. त्याने दुसरे करावे तरी काय? पहिल्या स्क्रिप्टने सेशनची फाइल कुलूपबंद केलेली असल्यामुळे दुसरी तिष्ठत राहते, तिसरी तिच्यामागे, आणि पीएचपीची ३० सेकंदांची मूळ मर्यादाही येथे कामास येत नाही, कारण लिनक्सवर कुलपाची अथवा डेटाबेसाची वाट पाहण्यात गेलेला वेळ तीत धरलाच जात नाही. पहिलीचे काम उरकताच रांग मोकळी होते आणि एकाच शेतकऱ्याचे, एकाच गट क्रमांकाचे तीन अर्ज दाखल होतात; पुढे छाननीत ते दुबार ठरले, की हेलपाटे त्या शेतकऱ्याच्याच नशिबी येतात.

सर्व्हर अधिक बलवान करून हा तंटा मिटत नाही. सेशनचे काम संपताच कुलूप सोडावे, हे झालेच. परंतु माझ्या समव्यावसायिकांना आग्रहाची विनंती आहे ती अशी, की कोरा अर्ज पडद्यावर देतानाच त्याला स्वतंत्र क्रमांक द्यावा, तो क्रमांक डेटाबेसात एकदाच स्वीकारला जाईल असे बंधन घालावे, आणि तोच अर्ज पुन्हा आला तर चूक दाखविण्याऐवजी पहिलीच पावती निमूटपणे परत पाठवावी.