बारा जणींची यादी

१ ऑगस्ट २०२५, शुक्रवार

कोल्हापूरचं गांधी मैदान अजून चिखलातच. मुळात ते वरुणतीर्थ तळं, पावसाळ्यात दुसरं काय होणार? शाळेच्या शेडखालीच पासिंग घेतलं. पळायचं पुढं, चेंडू द्यायचा मागं, हे आता पोरींच्या अंगवळणी पडलंय.

सप्टेंबरअखेर १७ वर्षांखालच्या मुलींची स्पर्धा आहे. रग्बी सेव्हन्समध्ये मैदानात सात, बाहेर पाच, एकूण बारा. सरावाला वीसेक येतात.

नेमबाज स्वप्नील कुसाळेच्या पॅरिस ऑलिंपिकमधल्या कांस्याला आज वर्ष झालं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा पोरगा म्हणून तो सगळ्यांना पाठ. २०२२ ला कैरोच्या जागतिक स्पर्धेत तो चौथा आणि २०२३ ला हांगझोऊच्या एशियाडमध्ये वैयक्तिक प्रकारात पुन्हा चौथाच आला होता, हे मात्र एकीलाही सांगता आलं नाही. चौथ्याचा फ्लेक्स कोण लावतंय?

३ ऑगस्ट, रविवार

महादेवी हत्तिणीला परत आणा म्हणत नांदणीहून निघालेली पदयात्रा आज शहरात. सरावाला मोजक्याच पोरी. बरंच झालं, एकेकीचं टॅकल निवांत बघता आलं.

आमच्याकडं बऱ्याच जणी कबड्डीतून येतात. अंगावर जायला भीत नाहीत आणि पकड अशी की सुटता सुटत नाही. अडचण पुढंच आहे. कबड्डीत चढाईवाली दाबली की शिट्टी होते, काम संपलं. रग्बीत पाडल्यावर लगेच सोडायचं, उठायचं आणि पायावर उभं राहून चेंडूवर जायचं. त्यातलीच एक, आमची ‘कबड्डीवाली’, पाडते झकास, पण मग समोरचीला धरून तशीच पडून राहते. पेनल्टी. दुसरं म्हणजे ती उभ्या अंगानं जाते, हात गळ्याशी पोचतो. खांद्याच्या वर हात गेला आणि पिवळं कार्ड निघालं की दोन मिनिटं बाहेर. सात मिनिटांच्या डावात दोन मिनिटं सहाजणींनी खेळायचं म्हणजे हमखास एक ट्राय अंगावर. शिवाय डोकं चुकीच्या बाजूला ठेवते, ते तर तिच्याच मानेवर येईल.

८ ऑगस्ट, शुक्रवार

यादी ठरली. ग्रुपवर टाकली नाही. वगळलेल्यांना एकेकीला ऑफिसबाहेरच्या बाकावर बसवून सांगितलं: का नाही, काय सुधारायचं, पुन्हा कधी बघणार. वेळ गेला, दोघी रडल्या. जाऊ दे. चौदा-पंधरा वर्षांच्या पोरीनं आपलं नाव नसल्याचं मोबाईलवर, घरच्यांच्या देखत वाचावं, यात कसली शिस्त?

वगळलेल्यांत वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत जन्मलेल्या बऱ्याच निघाल्या. वयोगट १ जानेवारीपासून मोजतात. जानेवारीतली आणि डिसेंबरातली एकाच गटात, मधे जवळपास वर्षाचं अंतर. लवकर वाढलेली पोर आज जोरावर पळून जाते आणि आपण तिला गुणी म्हणतो. जगभरच्या युवा संघांत वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेल्यांचा भरणा जास्त असतो, हे अनेक खेळांत मोजून दाखवलंय. म्हणून यंदा वजन-उंचीचा कागद बाजूला ठेवला. टॅकल, पास आणि पडल्यावर किती लवकर उठते, एवढंच धरलं.

कबड्डीवाली यादीत नाही. ऐकून घेतलं आणि काही न बोलता गेली.

११ ऑगस्ट, सोमवार

काल राजगीरला २० वर्षांखालच्या आशियाई सेव्हन्समध्ये आपल्या मुलींनी कांस्य घेतलं. सराव सुरू होण्याआधी तीच चर्चा. मी २०१८ ची गोष्ट काढली. भारताच्या महिला पंधराजणींच्या रग्बीत पहिल्यांदा उतरल्या तेव्हा सिंगापूरकडून सपाटून हरल्या होत्या. पुढच्याच वर्षी मनिलात त्याच सिंगापूरला २१-१९ नं हरवलं. निर्णायक पेनल्टी मारली ओडिशाच्या सुमित्रा नायकनं.

सगळ्या गेल्यावर कबड्डीवाली थांबली. "सर, मी नेमकं कुठं कमी पडलो? खरं सांगा." वही उघडून तिच्यासमोर धरली. सोडायला उशीर किती वेळा, हात वर किती वेळा, सगळं टिपलेलं. तिनं दोन खुणांवर हरकत घेतली. त्यातली एक रास्त होती, समोरचीच खाली वाकली होती. खोडली. यादी तेवढ्यानं बदलत नव्हती, तिलाही ते दिसलं.

१४ ऑगस्ट, गुरुवार

पैलवान खाशाबा जाधवांची पुण्यतिथी. शाळेत भाषणं झाली, "अपयशानं खचू नका" छापाची. मला ती अर्धवट वाटतात. खाशाबा १९५२ च्या ऑलिंपिक निवडीत एका गुणानं मागं राहिले, आणि त्यात वशिला होता असं त्यांचं म्हणणं होतं. ते गप्प बसले नाहीत. पतियाळाच्या महाराजांकडं दाद मागितली, पुन्हा लढत झाली आणि ती जिंकली. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकून सात हजार उभे केले. म्हणजे पोराची जिद्द होतीच, पण दाद मागायला जागा होती आणि पाठीशी उभा राहणारा मास्तरही होता. या दोन गोष्टी भाषणांत येत नाहीत, कारण त्या पोरांनी नाही, आपण करायच्या असतात.

२० ऑगस्ट, बुधवार

पंचगंगा चढतेय. सगळ्यांचं लक्ष राजाराम बंधाऱ्याच्या पातळीकडं. सराव बंद.

संध्याकाळी एका वडिलांचा फोन. "सर, तेवढं पोरीचं नाव घाला की. वरनं कुणाचा फोन पायजे असंल तर तसं सांगा." फोन करणारे कबड्डीवालीचे वडील नव्हते. म्हटलं, फोन नको, पोरीला पाठवा, वही दाखवतो. त्यांना ते अपमानाचं वाटलं असावं.

२५ ऑगस्ट, सोमवार

परवा गणपती बसणार, सगळ्यांचं चित्त मांडवात. तरी वगळलेल्या बहुतेक आल्या. कबड्डीवाली आता गुडघ्यात वाकून जाते, गाल समोरचीच्या मांडीला लावते, पाडते आणि हात मोकळे करून उठते. दमली की मात्र पुन्हा जुनी सवय डोकं वर काढते. आज तरी ती बाराजणींत बसत नाही. तसं तिला सांगितलं. "बरं. परत बघा," म्हणाली.

यादीतल्या दोघी मात्र नाव लागल्यापासून सैल पडल्यात. त्यांचीही पानं त्यांना दाखवली.

फेरचाचणी ८ सप्टेंबरला, विसर्जनानंतरच्या सोमवारी. यादीत असो-नसो, सगळ्यांनी यायचं. पालकांनी यावं, बघावं, वहीही मागावी. नावासाठी फोन करू नये.