बेचाळीस दातांचं कोडं

पुणे

चि. मुक्ता,


शेफिल्डच्या चढांवर जुनी रॅले सायकल घाम काढते, म्हणून अकरा गिअरचा नवा संच बसवायचा बेत केलास. त्याचा खर्च ऐकून मामीने कपाळाला हात लावला. थोडी थांब.

तुझ्या सायकलला पुढे 52 आणि 42 दातांच्या चकत्या, मागे सगळ्यात मोठी 23 ची. हे गिअर मुळात तुझ्यासारखीसाठी नव्हतेच. तुझी रॅले बनली त्या काळच्या रोड सायकली शर्यतवाल्यांचं बघून बनत. कॅम्पाग्नोलोच्या रेसिंग क्रँकवर चकतीच्या बोल्टांचं वर्तुळ 144 मिमीचं. त्यावर 41 पेक्षा कमी दातांची चकती बसतच नाही. इतर कंपन्यांनीही तेच माप उचललं, आणि रविवारी सहज फिरायला निघणाऱ्याच्या गळ्यातही 42 पडली. मुंबई-पुणे शर्यतीतली पोरं बोरघाटात पायडलवर उभी राहून जड गिअर रेटतात, पण त्यांचा सराव केवढा!

आता हिशेब बघ. 42 ला 23 म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण 3.8 मीटर पुढे. मागे 14 ते 28 दातांचं फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चकत्यांचा जुडगा, टाकलंस तर तेच 3.15 मीटरवर येतं. चढावर हा फरक गुडघ्यांना लगेच कळतो.

आणि हे तुला जमणार ते फ्रेमच्या खालच्या नळीवरच्या त्या दोन दांड्यांमुळे. शिमानोने 1984 मध्ये टक्कन जागेवर बसणारे गिअर आणले. तेव्हापासून दांडी, डिरेलर, फ्रीव्हील सगळं एकमेकांशी जुळावं लागतं. तुझ्या दांड्यांना खाचाच नाहीत. चेन खरखरली की दांडी केसभर मागेपुढे करायची, आवाज थांबला की झालं. त्यांना दातांशी देणंघेणं नाही. अकराच्या नादाला लागलीस तर फ्रेमची मागची रुंदी 126 ची 130 मिमी करा, नवं चाक आणा, नवे लिव्हर आणा. एक टाका उसवला की सगळी शिवण सुटते तसं.

मात्र मागचा डिरेलर 28 दात झेलतो का, ते आधी तपास. काही जुने 26 वरच अडतात. चेन नवीच घे, जुनी आखूड पडेल. एवढं करूनही दम लागला तर पुढे 34 ची चकती बसणारा क्रँक शोधू.

जुनं फ्रीव्हील काढायचा पाना कंपनीगणिक वेगळा असतो, खाचा मोजूनच विकत घे. पायडलच्या जोराने ते वर्षानुवर्षं आवळत गेलेलं असणार. तेव्हा पाना व्हाइसमध्ये पकडायचा आणि चाकच दोन्ही हातांनी स्टिअरिंगसारखं डावीकडे फिरवायचं.

तुझा,
मामा